फुलांना रविवार नसतो

गुरुवारी थोरल्याने फुलावर आलेली आठ एकर मोहरी स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली घातली, आणि सोमवारी सकाळी पावणेआठ वाजता, त्याच मोडलेल्या रानाच्या मधोमध, भिंगरीचे ओठ निळे पडले.

"हे कसं शक्य आहे?" असं मधवाल्याने त्या दिवशी किती जणांना विचारलं याची मोजदाद नाही. कंपाउंडरला विचारलं, बाकावर गुडघा चोळत बसलेल्या म्हातारीला विचारलं, आणि कोणी उरलं नाही तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाला विचारलं. फूलच नाही, तर त्रास कसला? शत्रू मारला, गाडला, वर माती लोटली, आणि तोच उठून पोरीचा गळा धरतो? पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई भराभर काहीतरी मागत होत्या, पितळी ट्रे वाजत होता, आणि हा बाहेर उभा राहून नखांत अडकलेली माती काढत होता. ती का काढतोय हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आता मागचं थोडं सांगायला हवं, नाहीतर या माणसाला बसलेला हादरा कळायचा नाही.

मधवाला म्हणजे मधमाश्या पाळणारा. साठ पेट्यांचा धनी. वस्तीच्या अगदी कडेला त्याचं घर आणि घराच्या तीन बाजूंना थोरल्या भावाचं रान. थोरला दरवर्षी मोहरी घालायचा. फुलोरा आला की सगळं इतकं पिवळंधमक व्हायचं की रस्त्याने जाणारे लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे, आणि थोरल्याची बायको त्यांना बांधावरून हाकलायची. माश्यांना घरबसल्या चारा, आणि माश्यांच्या येण्याजाण्याने थोरल्याचा दाणा टपोरा. दोघा भावांचं असं छान जमलं होतं. एकाने पेरायचं, दुसऱ्याने उडवायचं, असं थोरला म्हणायचा.

मग भिंगरी सहा वर्षांची झाली. शाळेच्या हजेरीपटावर तिचं चांगलं लांबलचक नाव आहे, पण उभ्या जागी गोल फिरल्याशिवाय तिच्या तोंडून वाक्य बाहेर पडत नाही, म्हणून घरात ती भिंगरी. त्या वर्षीच्या फुलोऱ्यात तिला शिंका लागल्या. डोळे चोळून चोळून लाल झाले. बाजारातल्या जुन्या डॉक्टरांनी आपला चष्मा शोधता शोधता सांगितलं, "शेताला लागून राहता ना? फुलांचं असेल." त्यातलं 'असेल' डॉक्टरांच्या टेबलावरच राहिलं. मधवाला घरी घेऊन आला ते नुसतं 'फुलांचं'.

हा माणूस वाईट नव्हे. पोरीवर जीव ओवाळून टाकणारा बाप. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिला बाहेरचा रस्ता नाही, आणि दुसऱ्या गोष्टीला आत जागा नाही. त्याने भिंगरीच्या खोलीच्या खिडक्यांना फटींवर चिकटपट्टी मारली. दाराला ओली चादर टांगली. धुतलेले कपडे बाहेर वाळत घालायचे बंद केले. शाळेची वाट मोहरीच्या बांधावरून जायची, म्हणून पोरीच्या तोंडाला फडकं. आणि आतून ताकद हवी म्हणून सकाळी शाळेआधी स्वतःच्या हाताने सगळं भरवणं: दूध, पाव, मध, पराग, वर पाच मिनिटं लांब श्वास. भिंगरीची आई मालगाड्यांच्या वजनकाट्यावर कामाला होती. तिची पाळी पहाटे सहाची, त्यामुळे सकाळची पोर बापाच्या ताब्यात. फक्त रविवारी उलटं. रविवारी आई घरी, आणि मधवाला उजाडायच्या आत डोंगरापलीकडच्या पेट्या बघायला बाहेर.

एवढं करूनही दुसऱ्या वर्षी शिंकांचा खोकला झाला आणि अंगावर गांध्या उठायला लागल्या. तिसऱ्या वर्षी छातीतून शिट्टी वाजायला लागली. आई कॅलेंडरवर ज्या त्या दिवशी तांबडं टिंब काढायची. फुलोऱ्याचे दोन-अडीच महिने कॅलेंडरला गोवर आल्यासारखं दिसायचं. रविवारचा रकाना तेवढा कोरा.

"रविवारी कशी गं ही धडधाकट असते?" तिने एकदा विचारलं होतं.

"रविवारी शाळा नाही. बांधावरून जाणं नाही," मधवाला म्हणाला होता. उत्तर इतकं चोख होतं की तिने पुन्हा विचारलं नाही.

थोरल्याशी भांडण झालं ते या वर्षी. मधवाला म्हणाला, मोहरी बंद कर. थोरला म्हणाला, अरे, आपला बाप या फुलांत लोळून नव्वद वर्षांचा झाला. वहिनी म्हणाली, आमची पोरं वाढली की याच रानात, का आमची पोरं पोरं नव्हती? मधवाल्याने आवाज चढवला, थोरल्याने बांधावर काठी आपटली, आणि तीन आठवडे एकमेकांच्या सावलीला उभं राहायचं नाही असं ठरलं. मग एके दिवशी शाळेच्या वाटेवर भिंगरी धाप लागून बसली ती नेमकी थोरल्याच्या समोर. त्याने तिला खांद्यावर टाकून बाजारापर्यंत पळत नेलं. वय पंचावन्न, गुडघे गेलेले, तरी पळत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रॅक्टर काढला आणि ऐन फुलावरचं पीक उभं आडवं मोडून टाकलं. वहिनी दाराला टेकून बघत होती. मधवाला बांधावर उभा होता, आणि त्याला रडू आवरत नव्हतं. असा भाऊ भाग्याने मिळतो, हे तो त्या दिवशी दहा जणांना सांगून आला.

शुक्रवारी, शनिवारी भिंगरीला जरासा खोकला होता. "मागची शिल्लक आहे, निघून जाईल," मधवाला म्हणाला. रविवार तर नेहमीप्रमाणे झकास गेला. सोमवारी त्याने पोरीच्या तोंडाचं फडकं स्वतःच्या हाताने सोडलं.

"आजपासून हे नको. जा, रानातून आडवी पळत जा शाळेत."

"खरंच, बाबा? मधून?"

"मधून! फूल आहे का कुठे? बघ बरं."

तिने बांधावर उभं राहून एक गिरकी घेतली, चारी दिशा बघितल्या आणि सुटली. तपकिरी ढेकळांवरून दप्तर उडवत, ओरडत, मध्येच गोल फिरत. मधवाला कमरेवर हात ठेवून बघत राहिला. तीन वर्षांत एवढा आनंद त्याला झाला नव्हता. पोर अर्ध्यात पोचली, थांबली, गळ्याला हात लावला, आणि खाली बसली. त्याला वाटलं ढेकूळ लागलं असेल. मग ती आडवी झाली.

तो पोचला तेव्हा तिचे डोळे सुजून फटी झाले होते, मान लालभडक, आणि ओठ निळे. तोंड उघडं होतं पण आवाज येत नव्हता. थोरला ट्रॅक्टर टाकून धावत आला, त्यानेच जीप काढली, त्यानेच आणलं. दवाखान्याच्या पायरीशी पोर उतरवून घेतल्यावर मधवाल्याने मागे वळून बघितलं तर जीप निघून गेली होती. थोरला आत आला नाही. त्या गडबडीतही हे मधवाल्याला खटकलं.

जुने डॉक्टर निवृत्त होऊन त्यांच्या जागी या डॉक्टरीणबाई आल्याला दोनच महिने झाले होते. त्यांनी पोरीच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली, आणखी एक इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने पडदा सरला. भिंगरी उशीला टेकून बसली होती, चेहरा अजून भोपळ्यासारखा, पण ओठांना रंग आला होता.

"दहा मिनिटं उशीर झाला असता ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी रिकामी सुई ट्रेमध्ये टाकली.

"पण फूलच नाही, बाई. आठ एकर मोडलं आम्ही. एक फूल नाही!"

"कसलं फूल?"

त्याने सगळं सांगितलं. मोहरी, बांध, फडकं, चिकटपट्टी, ट्रॅक्टर. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत होती.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "फुलांनी काहींना शिंका येतात, डोळे चुरचुरतात, हे खरं. कोणाचा दमा वाढतही असेल, छातीठोकपणे मी नाही म्हणणार नाही. पण मोहरीचा पराग जड असतो, चिकट असतो. वाऱ्यावर थोडा उडतो, फार लांब जात नाही. आणि आजचं हे असलं, गळा सुजून श्वास बंद, हे वाऱ्यावरच्या परागाने झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. हे पोटात गेलेल्या गोष्टीने होतं. किंवा काहीतरी चावल्याने. माशी चावली का?"

"माश्या तिला लहानपणापासून चावतात. नुसता टिपका उठतो."

"काही औषध देता?"

"तुमचा तो श्वासाचा पंप. बाकी काही नाही." हे त्याने मान ताठ ठेवून सांगितलं. मागच्या डॉक्टरांनाही तो असंच सांगायचा, आणि त्यात त्याच्या मते तिळाएवढंही खोटं नव्हतं.

डॉक्टरीणबाई भिंगरीकडे वळल्या. "सकाळी काय खाल्लंस गं?"

भिंगरीचा आवाज घोगरा झाला होता. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं ही तिची खोड. "दूध. पाव. आणि बाबांचा चमचा."

"बाबांचा चमचा म्हणजे?"

"पिवळे दाणे. ताकदीचे. रोज एक असतो, आज दोन दिले." मग तिने बापाकडे बघितलं आणि घाईघाईने सांगितलं, "घसा खाजतो त्याने, पण ते ठीक आहे. बाबा म्हणतात, खाजलं की गुण येतोय."



मधमाशी फुलावरून येते तेव्हा तिच्या मागच्या पायांना परागाच्या पिवळ्या गोळ्या असतात. पेटीच्या तोंडाशी बारीक जाळी लावली की माशी आत जाते आणि गोळ्या खालच्या खणात पडतात. मधवाले त्या वाळवतात, बरण्यांत भरतात, विकतात. अंगात ताकद येते म्हणून लोक घेतात. फुलोऱ्यातला ताजा पराग सगळ्यांत भारी, असं मधवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि स्वतःच्या लेकीला तो ताजाच द्यायचा. फुलोरा संपला की ताजा माल संपे, चमचाही थांबे, आणि पोरही बरी होई. आज बाहेरचं फूल गेलं, आता आतून चांगली पक्की करू, या हिशेबाने त्याने एकाचे दोन केले होते.

"मोहरीचा?" डॉक्टरीणबाईंनी अगदी हळू विचारलं.

मधवाल्याने मान हलवली. मग एकदम उसळून म्हणाला, "पण ते औषध नाही हो! घरचं आहे ते. मी रोज खातो! सगळं गाव खातं! मला काही होत नाही!"

"तुम्हाला नाही होत. खुशाल खा. हिला त्या परागाचं वावडं आहे. बहुतेक पहिल्यापासून थोडं होतं, म्हणून शिंका. आता एवढा पराग नाकाने ओढायला ही पोर वर्षभर त्या रानात झोपली असती तरी पुरलं नसतं. तुम्ही चमच्याने भरवलात. किती वर्षं?"

"तीन," भिंगरीनेच उत्तर दिलं.

मधवाल्याला आठवत होतं ते एवढंच: रोज सकाळी ती तोंड वेंगाडायची, 'नको ना बाबा' म्हणायची, आणि तो एका हाताने तिची हनुवटी धरून दुसऱ्या हाताने चमचा आत सरकवायचा. किती प्रेमाने. गांध्या उठल्या तेव्हा तो म्हणाला होता, रक्त शुद्ध होतंय. शिट्टी वाजायला लागली तेव्हा छोटा चमचा काढून मोठा आणला होता. पोर रोज सांगत होती. वर्षानुवर्षं, घसा खाजवत, आपल्या तोंडाने सांगत होती. तो बाहेर जाऊन पायरीवर ओकला.

भिंगरीची आई कामावरून धावत आली ती तेव्हाच. तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ती नवऱ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, पण ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि बोटांवर वार मोजायला लागली.

"रविवार," शेवटी ती म्हणाली.

"काय?"

"रविवारी तू नसायचास. मी तिला नुसतं दूध द्यायचे. बांध नव्हता, हे खरं, पण चमचाही नव्हता." तिने तोंडावर हात ठेवला. "खिडकीबाहेर मोहरी रविवारीही फुललेलीच असायची रे. फुलांना कुठे रविवार असतो? काट्यावर मी भरलेली गाडी तोलते आणि रिकामी गाडीही तोलते. दोन्ही वजनं घेतल्याशिवाय पावती देत नाही. आणि घरात माझ्यासमोर दर आठवड्याला रिकामी गाडी उभी राहत होती, मी तिच्याकडे बघितलंच नाही. नुसती टिंबं काढत बसले."

"तुझं काय चुकलं? मी..."

"गप्प बस," ती म्हणाली. "आत्ता बोलू नकोस. घरी जा, तिचे कपडे आण, आणि ती बरणी आण. बाईंना बघायची आहे."

तो चालत निघाला. ऊन चढलं होतं, रस्त्यावर नेहमीची माणसं नेहमीसारखी हिंडत होती, आणि एकाने तर हाक मारून विचारलं, "काय मधवाले, मोडलं ना पीक? आता पोर बरी असेल!" त्याने मान हलवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्याने आजवर गिऱ्हाइकांना हसत हसत ऐकवली होती. आता तीच पायांत घोटाळायला लागली.

भिंगरीच्या खोलीचं दार त्याने ढकललं. ओली चादर बाजूला केली. खिडक्यांना चिकटपट्टी, मुंगीलाही शिरता येणार नाही अशी. आणि पलंगाच्या डोक्याशी, भिंतीवरच्या फळीवर, चार परड्या. वाळायला घातलेला पराग. सगळ्या घरात ही खोली उबदार, कोरडी, धूळ नसलेली, म्हणून माल वाळवायला हीच खोली, हे त्यानेच ठरवलं होतं. खिडकीबाहेरच्या फुलांना दार बंद करून त्याने फुलांतला सगळा पराग वेचून आणून पोरीच्या उशाशी मांडला होता. फळीखाली उशीवर पिवळी भुकटी होती. बोट फिरवलं तर रेघ उठली.

कुंपणच शेत खातं तेव्हा शेताने कोणाला सांगायचं?

त्याने चारही परड्या बाहेर नेल्या, उकिरड्यावर पालथ्या केल्या. चिकटपट्टी नखांनी ओरबाडून काढली आणि खिडक्या सताड उघडल्या. बाहेरून ओल्या मातीचा वास आला. समोर आठ एकर तपकिरी रान. थोरल्याचं वर्षभराचं पीक, त्याच्या शब्दावर मोडलेलं. इतका वेळ त्याच्या डोक्यात फक्त पोर होती. आता भाऊ आला. चोर घरात जेवत होता आणि संन्यासी सुळावर गेला होता, तोही आपणहून, न बोलता.

कपड्यांची पिशवी आणि बरणी घेऊन तो रानातून आडवा निघाला. जीप विहिरीजवळ उभी दिसली. विहिरीच्या मागे गेला आणि थबकला.

तिथे पिवळं होतं. चार ओळी, जेमतेम पंधरा पावलं लांब, रस्त्यावरून किंवा घरावरून दिसणार नाहीत अशा आडोशाला. कमरेएवढी मोहरी, फुलांनी लगडलेली, माश्यांनी गुणगुणणारी. आणि त्यात थोरला गुडघ्यांवर बसून विळा चालवत होता. चालवत कसला, तोडत होता, उपटत होता, मुळासकट फेकत होता. हात कोपरापर्यंत पिवळे, दाढी पिवळी, आणि चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं.

"दादा!"

थोरल्याने वर बघितलं आणि विळा हातातून गळून पडला. "गेली?" तो म्हणाला. "गेली का रे?"

"नाही! नाही. बरी आहे. बसलीये उठून."

थोरला मातीत बसून राहिला. मग बोलायला लागला तो थांबेचना. "मी ठेवल्या रे या. सगळं मोडलं, पण या चार ओळी ठेवल्या. तुझ्या माश्या उपाशी मरतील असं वाटलं. साठ पेट्यांना एकदम काहीच नाही, कुठे जातील बिचाऱ्या? म्हटलं, विहिरीमागे कोणाला दिसतंय. तुला सांगितलं नाही. तू बांधावर रडत होतास, मला देव म्हणत होतास, आणि माझ्या मनात हे. पोर खाली बसली ना, तेव्हाच मला कळलं. म्हणून आत आलो नाही. कुठल्या तोंडाने येऊ? मारलं असतं रे मी तिला. माझ्या हाताने मारलं असतं."

मधवाला उभा होता. नुसतं गप्प राहिला असता तरी निभावलं असतं. विळा मातीत पडला होता, ओळी समोर होत्या, गुन्हेगार आपल्या तोंडाने कबूल करत होता. बरणी पिशवीत कपड्यांखाली होती. उद्यापासून चमचा बंद केला असता, पोर बरी झाली असती, आणि सगळं गाव म्हणालं असतं, त्या चार ओळींनीच केलं बघा. हा विचार त्याच्या मनात आला. आला हे त्याने पुढे कधी कोणापासून लपवलं नाही, आणि त्या विचाराची त्याला जेवढी भीती वाटली तेवढी निळ्या ओठांचीही वाटली नव्हती.

त्याने बरणी काढून भावासमोर मातीत ठेवली.

"यांनी नाही, दादा. याने."

"हे काय?"

"पराग. मोहरीचा. मी रोज सकाळी तिला चमचाभर खायला घालत होतो. तीन वर्षं. आज दोन घातले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रानाने शिंका आल्या असतील, बाकीचं सगळं याने. तुझ्या मोहरीने नाही. या ओळींनी नाही. मी."

थोरल्याने बरणीकडे बघितलं, मग ओळींकडे, मग पुन्हा बरणीकडे. त्याची बुबुळं लहान पोरासारखी इकडून तिकडे फिरत होती.

"म्हणजे मी नाही?"

"नाही."

"या ओळींनी नाही ना रे? नक्की?"

"नाही, दादा. नक्की."

"मी नाही," थोरला स्वतःशीच म्हणाला, आणि तोंड दोन्ही हातांत धरून हुंदके देत बसला. आठ एकरांचा त्याने उच्चारही केला नाही. मधवाल्याला वाटलं होतं की शिव्या बसतील, बसायला हव्या होत्या, आणि हा माणूस तर सुटल्याच्या आनंदाने रडत होता. ते बघणं शिव्यांपेक्षा कितीतरी अवघड होतं.

मग थोरला उठला. गुडघे सरळ करायला त्याला वेळ लागला. धाकट्याच्या समोर येऊन उभा राहिला आणि त्याने एक सणसणीत थोबाडीत ठेवून दिली. आठ वर्षांचा असताना मधवाला शेळीमागे धावत विहिरीत पडता पडता वाचला होता, तेव्हा त्याने दादाच्या हातची अशी खाल्ली होती, त्यानंतर आजच. गालावर पाच पिवळी बोटं उमटली.

"पोर बोलत नव्हती का रे?" थोरला ओरडला. "एकदा तरी बोलली असेल! काय होतंय ते सांगितलं नसेल का तिने?"

"रोज सांगत होती."

थोरल्याचा दुसऱ्यांदा उठलेला हात हवेतच राहिला. त्याने तो हळूहळू खाली घेतला. उरलेल्या दोन ओळींवर माश्या नेहमीसारख्या कामाला लागल्या होत्या.

"तिला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग चल. तिला तुझ्या तोंडाने कळू दे. मी असतो बाजूला."

तो जीपकडे वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. स्वतःचे पिवळे हात त्याने उजेडात धरून बघितले, मग मधवाल्याचेही. विहिरीवरची बादली ओढून त्याने अंगातला सदरा काढून फेकला, कोपरापर्यंत हात चोळले, दाढी धुतली, नखं एकेक करून साफ केली. मग तांब्या भरून घेतला.

"असा जाणार आहेस पोरीजवळ?" तो म्हणाला. "धर हात पुढे."

मधवाल्याने दोन्ही हात पुढे केले, आणि थोरला वरून पाणी ओतायला लागला.